छेरिंगच्या काठीजवळचा बर्फ

मोप्याच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून पेडण्याच्या बाजारात माझा भाव वाढला आहे. मी हवामानाच्या कुठल्यातरी खात्यात होतो, एवढंच लोकांना ठाऊक. त्यामुळे मुलगा दुबईला निघाला की बाप मला मासळीच्या पाटीसमोर गाठतो. "काका, फाल्यां सकाळीं धुकें पडटलें काय? विमान वेळार सुटतलें मूं?" मी सांगतो की बाबा रे, मी धुक्यातला नव्हे, बर्फातला. यावर समोरचा माझ्याकडे जरा दयेनेच पाहतो. पेडण्याचा माणूस, जन्मभर केंद्र सरकारची नोकरी, आणि काम काय, तर बर्फ! तोही पाडायचा नाही, उपसायचा नाही. कुठे किती दिवस टिकेल तेवढं सांगायचं. "म्हणजे पंचांगच सांगतालात मरे," असं एकदा एकाने म्हटलंही. पंचांगवाल्यांचं निदान ग्रहण तरी चुकत नाही.

या नोकरीत मी कसा शिरलो तेही सांगून टाकतो. गणित शिकून रिकामा बसलो होतो. जाहिरात दिसली, अर्ज टाकला. मुलाखतीला तिघे बसलेले. मधल्याने विचारलं, "बर्फ पाहिलाय का कधी?" मी खरं ते सांगितलं, "पाहिलाय. म्हापशाच्या मासळीबाजारात, भुशात गुंडाळलेला." तिघेही मनापासून हसले आणि त्यांनी मला घेतलं. पुढे कळलं की त्या तिघांपैकी दोघांनी डोंगरावरचा बर्फ माझ्याइतकाच पाहिला होता. आमच्या खात्याची ती रीतच होती. बर्फ होता हिमालयात, आणि त्याचे जाणकार पायथ्याच्या गावात, हीटर लावलेल्या खोलीत.

आता हे काम काय असतं, ते थोडक्यात. डोंगराच्या नकाशावर आम्ही एक जाळी टाकायचो आणि त्याचे बारीक चौकोन पाडायचो. प्रत्येक चौकोनाची उंची किती, उतार कुठल्या दिशेला, ऊन किती वेळ लागतं, हे सगळं कम्प्युटरला आधी सांगून ठेवायचं. मग उपग्रहाचं चित्र यायचं. त्यात पांढरा दिसेल तो चौकोन बर्फाचा, काळसर दिसेल तो उघड्या जमिनीचा. एवढ्यावर कम्प्युटर गणित सुरू करायचा: उद्या इतकी उष्णता, परवा तितकी, म्हणजे हा चौकोन अमुक आठवड्यात उघडा पडेल, तो तमुक आठवड्यात. या सगळ्या गणिताला आम्ही मॉडेल म्हणायचो. घाटरस्ता कधी मोकळा करायचा, खालच्या धरणात पाणी कधी येईल, हे त्यावरून ठरायचं. ऐकायला झकास वाटतं. पण जे चित्र पाहून सुरुवात करायची तेच चुकलं, तर पुढचं सगळं गणित बिनचूक चुकत जातं. कम्प्युटरची खुबी ही, की तो चूकसुद्धा नीटनेटक्या रकान्यांत छापून देतो.

गिऱ्हाइकं एकेक नग. रस्त्याचे एक इंजिनीअर होते, त्यांना टक्केवारीचा भारी राग. घाटमाथा उघडा पडण्याची साठ टक्के शक्यता आहे असं कळवलं, तर ते फोनवर ओरडले, "साठ टक्के म्हणजे काय? बुलडोझर साठ टक्के वर चढवू?" एका सिनेमावाल्याला नाचगाण्यासाठी न वितळणारा बर्फ हवा होता, आणि तो नेमका कुठे मिळेल ते सरकारने लेखी द्यावं असा त्याचा आग्रह. एका हॉटेलमालकाची विनंती तर अगदी साधी होती. बर्फ नसला तरी चालेल, पण आम्ही तसं बोलू नये.

गोवा घटकराज्य झालं तेव्हाची माझी तऱ्हा तर विचारूच नका. आस्थापना शाखेतल्या कारकुनाला मी माझ्या सेवापुस्तकात दुरुस्ती करायला सांगितली. तो म्हणाला, "गोवा राज्य झाल्याचा दाखला आणा." मी विचारलं, दाखला कोणाचा? त्याने विचार करून सांगितलं, "सरपंचाचा चालेल." गावी सगळे राजभाषेवरून एकमेकांच्या उरावर बसलेले होते. धाकट्या भावाची पत्रं यायची, त्यात घरच्या खुशालीला दोन ओळी आणि बाकी सगळी मराठी-कोंकणी. आणि मी इथे सरपंचाकडून राज्याचा दाखला मिळवू पाहत होतो. असो.

आता ज्या माणसासाठी हे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो. त्याचं नाव छेरिंग. घाटापलीकडच्या एका उंच खोऱ्यातल्या गावात तो आमचा निरीक्षक होता. निरीक्षक म्हणजे नुसता डौल. नोकरी कच्ची, दरसाल नव्याने हुकूम निघायचा. गावाच्या शेतांच्या कडेला आम्ही खुणा आखलेली एक उंच काठी रोवली होती, भोवती छोटं कुंपण. रोज सकाळी जाऊन काठीवर बर्फ कितव्या खुणेपर्यंत आहे ते पाहायचं, तक्त्यात लिहायचं, आकडा बिनतारी यंत्रावरून कळवायचा, आणि तक्ते साठले की येणाऱ्या-जाणाऱ्या हेलिकॉप्टरबरोबर पाठवून द्यायचे. कुंपणाच्या आतला बर्फ कोणीही हलवायचा नाही, हा कडक नियम. हा नियम छेरिंगने किती पाळला ते पुढे येईलच. हिवाळ्याचे सहा महिने घाट बंद, त्यामुळे आमच्यापैकी कोणी त्या काळात तिकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात आम्ही तपासणीला जायचो तेव्हा तिथे बर्फ नसायचा. काठी बघायची, जर्दाळू खायचे आणि परत यायचं.

नवा कम्प्युटर आला आणि त्या वसंतात भांडण सुरू झालं. मॉडेल म्हणत होतं, छेरिंगच्या गावाचे चौकोन उघडे. छेरिंग म्हणत होता, मांडीइतका बर्फ. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मॉडेल म्हणे जमीन कोरडी होत आली. छेरिंग म्हणे गुडघ्याच्या वर. पुढच्या वर्षी त्याच सुमारास हेच. त्याच्याही पुढच्या वर्षी तेच.

आमच्या साहेबांना हा अपमान वाटला. साहेब विद्वान, परदेशात शिकून आलेले, टायची गाठ कधी सैल न करणारे. मॉडेल त्यांचं लाडकं, आणि त्यातलं बरंचसं मी लिहिलेलं, म्हणजे माझंही. ते म्हणाले, "हा माणूस घरात शेगडीजवळ बसून आकडे लिहितो."

आरोप अगदीच हवेतला नव्हता. शेगडीजवळचे आकडे हा आमच्या धंद्यातला जुना रोग. एका ठाण्यावरचा निरीक्षक रोज आदल्या दिवसातून नेमका एक वजा करून कळवायचा. बर्फ संपून काठी उघडी पडली तरी तो वजा करतच राहिला, आणि एके दिवशी जमिनीच्या खाली दोन खुणा बर्फ असल्याचं कळवलं. त्याला घरी पाठवलं तेव्हा कोणालाच वाईट वाटलं नाही.

छेरिंगकडून स्पष्टीकरण मागवलं. बिनतारी यंत्रावरून उत्तर आलं, "बर्फ आहे. येऊन पाहा." साहेब लालबुंद झाले. शंभर रुपड्यांच्या नोकरीवरचा माणूस खात्याला येऊन पाहा म्हणतो! जाणं शक्यच नव्हतं, घाट बंद. साहेबांनी मला टिपण लिहायला सांगितलं. मी लिहिलं. "उपग्रहाचं चित्र आणि मॉडेल यांच्याशी निरीक्षकाचे आकडे सलग तीन वर्षं जुळत नाहीत, सबब ते विश्वासार्ह मानता येत नाहीत." वाक्य मोठं डौलदार उतरलं होतं. खाली माझी सही. त्या सहीवर छेरिंगची नोकरी गेली, आणि खोटे आकडे लिहिणारा म्हणून गावात नाव झालं ते वेगळंच. त्याच्याऐवजी कोणाला नेमलंही नाही. आणि गंमत पाहा, दुसऱ्या वर्षी आमच्या मॉडेलची अचूकता एकदम वाढली. त्याला खोटं ठरवणारा माणूसच उरला नव्हता ना! साहेबांनी वार्षिक अहवालात त्याचा आवर्जून उल्लेख केला, आणि मी त्या अहवालाची मुद्रितं तपासली.

त्या उन्हाळ्यात रजेवर घरी आलो आणि डिचोलीला ताईकडे गेलो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासरचं घर खाणीच्या रस्त्यालगत. खनिजाचे ट्रक एकामागून एक चाललेले, मधे पायी माणसाने रस्ता ओलांडायचा म्हणजे कुलदैवताचं नाव घेऊनच. बसमधून वळणावर उतरलो. तिथून खाली ताईचं घर आणि मागचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, दिसायची. त्या दिवशी दिसली ती नुसती तांबडी जमीन. खाणवाल्यांनी कुळागरही घेतलं की काय? घरात शिरलो तो चपला न काढताच.

"ताई, झाडं कधी तोडली?"

ताई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं. "खंयचीं झाडां?"

"कुळागरातली. वरून सगळं तांबडं दिसतंय."

"तोडतलो कोण? आसात थंयच. धूळ बसल्या तांचेर." मग तिला माझी कीव आली असावी. ती उठली, घागर घेऊन मला मागच्या दारी घेऊन गेली आणि एका कर्दळीवर तिने भडाभडा पाणी ओतलं. तांबडा ओघळ खाली गेला आणि हिरवी पानं वर आली. "वयल्यान पळयशी जाल्यार तांबडेंच दिसतलें रे, बाबल्या. लागीं येवन हात लावन पळय. इतको शिकलो, तुका इतलें कळना?"

मला ते कळलं, आणि भलत्याच ठिकाणचं कळलं. मी तिथेच पायरीवर बसलो. छेरिंगच्या गावाचे काळे चौकोन माझ्या डोळ्यांसमोर होते. ते दक्षिणेच्या उतारावर नव्हते, जिथे बर्फ आधी वितळायला हवा. ते सपाट शेतांवर होते. कडा सरळ, बांधाबांधाने. हे मी तीन वर्षं पाहत होतो, आणि मला एकदाही प्रश्न पडला नव्हता. बर्फ गेला नसेल आणि त्याच्यावर फक्त काहीतरी बसलं असेल तर? ताईने चहा आणून ठेवला होता, तो तसाच निवला. तिला वाटलं, मला ऊन बाधलं.

रजा अर्धी टाकून परत गेलो. कोणाला विचारावं? आमच्या कचेरीत चहा देणारे एक वयस्क गृहस्थ होते, त्याच खोऱ्यातले. आठ वर्षं ते आम्हा सगळ्या बर्फतज्ज्ञांना चहा देत होते, पण त्यांना दूध जास्त घाला याच्यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं, तुमच्या गावी बर्फावर काही टाकतात का?

"माती टाकतात," ते म्हणाले. "शरद ऋतूत खणून घराशी ढीग करून ठेवतात. नंतर बर्फाखालून माती काढणार कशी? चैत्रात ती शेतांवर फेकतात, राख मिसळून. काळ्यावर ऊन जोरात लागतं, बर्फ लवकर जातो. नाहीतर पेरणी कधी करायची, साहेब? आमचा उन्हाळा केवढासा!"

"सगळीकडे टाकतात?"

"शेतांवर. अगदी पातळ. जाड टाकली तर उलटा बर्फ टिकतो." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की एवढंही माहीत नसलेला माणूस खात्यात कसा काय घेतात.

म्हणजे मांडीइतक्या बर्फावर मातीची पातळ चादर होती आणि उपग्रहाने ती जमीन धरली. छेरिंगने मात्र नियमाप्रमाणे कुंपणाच्या आत मातीचा कण पडू दिला नव्हता. म्हणून शेतं खरोखर मोकळी झाल्यावरही त्याच्या काठीजवळ पांढराशुभ्र बर्फ उभा होता, आणि तो इमानाने तोच मोजून कळवत होता. त्याने नियम मोडला असता, तर त्याचे आकडे आमच्याशी थोडेतरी जुळले असते.

मी साहेबांकडे धावलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. डोळे चमकले. म्हणाले, "उत्तम! यावर शोधनिबंध होईल." झालाही. पहिलं नाव साहेबांचं, दुसरं माझं. मॉडेलमध्ये मातीसाठी एक गुणक घातला गेला, त्याला भारदस्त इंग्रजी नाव मिळालं. निबंधात छेरिंगही नव्हता आणि चहावालेही नव्हते. "स्थानिक लोकांमध्ये अशी प्रथा आढळते" एवढं एक वाक्य होतं. शास्त्रात असंच असतं. लोक करत आलेले असतात, आम्हाला ते आढळतं.

"आणि छेरिंग?" मी विचारलं.

साहेब म्हणाले, "त्याला परत घ्यायचं तर आधी काढला का, ते लिहावं लागेल. तुमच्याच सहीचं टिपण आहे."

हे त्यांनी दम देण्यासाठी म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. मी दोन हिवाळे त्या फाइलीमागे होतो. खरं कारण लिहिलं की फाइल परत यायची. शेवटी खात्याला कळेल अशा भाषेत लिहिलं: नव्या गुणकाची पडताळणी करण्यासाठी सदर ठिकाणी निरीक्षक असणे आवश्यक. लगेच मंजुरी आली. हुकूम मात्र नव्या नेमणुकीचा. जुनी नोकरी धरली जाणार नव्हती आणि जुन्या आरोपाबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की पदरात पडलं ते पुष्कळ झालं. घाट उघडला त्याच आठवड्यात हुकूम घेऊन मीच निघालो. खरं सांगायचं तर, आभार ऐकायची थोडी हौसही होती.

छेरिंग माझ्याच वयाचा निघाला. मी त्याला म्हातारा समजत होतो, का कोण जाणे. त्याने मला खारट चहा दिला, हुकूम वाचला, दुसऱ्यांदा वाचला.

"यात मी खोटं लिहीत नव्हतो असं कुठे लिहिलंय?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "तसं लिहिलेलं नाही. पण आम्हाला आता कळलं आहे. माती टाकतात हे आम्हाला माहीत नव्हतं."

तो उठला. फळीवरून एक गठ्ठा काढून त्याने माझ्यासमोर ठेवला. त्याच्या तक्त्यांच्या कार्बन प्रती. त्याने पानं उलटून बोट ठेवलं. आकड्यांच्या शेजारी समासात, हिंदीत, बारीक अक्षरात: "आज गावाने शेतांवर माती टाकली. काठीजवळ टाकू दिली नाही. आत बर्फ जुनाच." दुसरं वर्ष काढलं. तेच. तिसरं वर्ष. तेच, आणि खाली एक जादा ओळ: "वरून पाहणाऱ्यास शेत काळे दिसेल."

मूळ तक्ते माझ्याच टेबलावर यायचे. त्यात पूर्वी शेऱ्यांचा एक रकाना असायचा. नवा कम्प्युटर आला तेव्हा तो रकाना मीच काढून टाकला, कारण यंत्राला आकडे लागतात, अक्षरं चालत नाहीत. निरीक्षकांना परिपत्रकही मीच काढलं होतं: शेरे लिहू नयेत. छेरिंगने हा एकच नियम मोडला होता. कचेरीत कम्प्युटरमध्ये आकडे भरणाऱ्या मुली होत्या, त्यांनी समास सोडून दिला, आणि मी तर तक्ते पाहतच नव्हतो, मी छापील कागद पाहत होतो. माझ्या गावी कुठल्या भाषेत लिहायचं यावरून रान पेटलं होतं, आणि मी तिकडे कुठल्याच भाषेत लिहू नका असा हुकूम काढून बसलो होतो.

"तुम्ही हे वाचलं होतं का?" छेरिंगने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "रकाना मीच काढला होता. टिपणही माझंच होतं. चूक माझी आहे."

हे बोलणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचा उपयोग वाटला होता त्यापेक्षा कमी झाला. त्याने मान हलवली, हुकुमाची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. घरात खाणारी तोंडं होती, नोकरी नाकारण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. मला पोचवायला तो रस्त्यापर्यंत आला. आभार मानले नाहीत. मीही वाट पाहणं सोडून दिलं होतं.

परत येऊन मी नवे तक्ते छापून घेतले. त्यात शेऱ्यांचा रकाना घातला, सगळ्यांत रुंद. साहेब कुरकुरले, मी ऐकलं नाही. परिपत्रक काढलं की निरीक्षकांनी जे दिसेल ते लिहावं. पहिला गठ्ठा आला तेव्हा छेरिंगचे तक्ते मी स्वतः उघडले. आकडे सगळे जागच्या जागी, एकही दिवस चुकलेला नाही. शेऱ्यांचा रकाना कोरा. दुसऱ्या वसंतात, माती टाकायच्या दिवसांत, पुन्हा पाहिलं. कोरा. मी तिथून बदलून जाईपर्यंत दर वर्षी पाहत राहिलो. एकदा न राहवून बिनतारी यंत्रावरून निरोप दिला, "छेरिंगजी, शेराही लिहावा. आता मी वाचतो."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "आकडे पाठवले आहेत."